वनौषधींचे चिनी सूप: प्रमाण, पाणी आणि आच

कॅन्टनी, म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग भागातल्या, घरात जेवणाच्या आरंभी जे सूप वाटीत येते, त्यात तिखट नसते, फोडणी नसते आणि कॉर्नफ्लोअरचा दाटपणाही नसतो. ते पाण्यासारखे पातळ आणि मधाच्या रंगाचे असते, आणि तळाशी कोंबडीचा एखादा तुकडा, दोन सुरकुतलेली लाल बोरे व लाकडाच्या ढलपीसारखे काहीतरी पडलेले असते. महाराष्ट्रात हातगाडीवर ज्याला ‘चायनीज’ म्हणतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही. आपल्याकडे याचा सोयरा शोधायचाच असेल तर तो कोल्हापूरकडचा अळणी रस्सा, म्हणजे तांबडा किंवा पांढरा होण्याआधीचे मटणाचे नुसते पाणी. ग्वांगदोंग प्रांत, हाँगकाँग आणि सिंगापूर-मलेशियातील कॅन्टनी घरांत हे सूप ज्या पद्धतीने करतात, ती पद्धत येथे सविस्तर दिली आहे.

सिंगापूरमध्ये आमच्या मजल्यावर एक कॅन्टनी आजी राहत असत. त्यांना सगळे ‘पो-पो’ म्हणत, म्हणजे आजीच. त्यांच्याकडचे सूप पिऊन मी उत्साहाने दुकानातून बारा प्रकारच्या वनस्पती आणल्या आणि अधिकस्य अधिकं फलम् या न्यायाने सगळ्या एकाच पातेल्यात घातल्या. चार तासांनी जे तयार झाले ते काळपट, कडू आणि वर आंबट होते. पो-पोंनी एक चमचा चाखला, काही न बोलता चॉपस्टिकने दांग-ग्वेई या मुळीच्या चकत्या एकेक करून बशीत काढल्या, त्या नऊ भरल्या, आणि त्यांतली एक उचलून त्यांनी परत पातेल्यात टाकली. या स्वयंपाकातली मुख्य गोष्ट मला त्या बशीत दिसली. वनस्पती कमी पडल्याने सूप बिघडत नाही. जास्त पडल्याने हमखास बिघडते.

औषध आणि जेवण यांच्या मधली जागा

चिनी भाषेत अशा पदार्थांना ‘याओ-शान’ म्हणतात. याओ म्हणजे औषध आणि शान म्हणजे जेवण. झोऊ राजवटीच्या दरबारी व्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या प्राचीन ग्रंथात चार प्रकारचे वैद्य सांगितले आहेत आणि त्यांत पहिला मान आहारवैद्याचा आहे. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमिआओ यांचे मत असे होते, की आधी आहाराने उपाय करून पाहावा आणि तो लागू पडला नाही तरच औषध द्यावे. पुढे 1330 मध्ये मंगोल दरबाराचे आहारवैद्य हू सिहुई यांनी सम्राटासाठी पथ्यकर पदार्थांचा एक मोठा ग्रंथच सिद्ध केला.

प्रमाणाचे भान या परंपरेत किती मुरलेले आहे, याचे एक बोलके उदाहरण तेराव्या शतकातील वैद्य ली दोंगयुआन यांच्या काढ्यात सापडते. त्या काढ्याचे नावच ‘रक्त वाढवणारा दांग-ग्वेईचा काढा’ असे आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात दांग-ग्वेई एक भाग आणि हुआंग-ची नावाची दुसरी मुळी पाच भाग आहे. ज्या वनस्पतीचे नाव पाटीवर आहे, तीच सर्वांत थोडी. आजच्या नियमांतही हाच सूर ऐकू येतो. चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने ‘परंपरेने अन्नही आणि औषधही’ अशा पदार्थांच्या यादीत 2019 मध्ये सहा नावे वाढवली. त्यांत दांग-ग्वेईच्या जोडीला केशर, हळद आणि पिंपळी ही आपल्या ओळखीची मंडळी होती, आणि या सहाही पदार्थांचा वापर मसाला म्हणूनच करावा अशी अट होती. हुआंग-ची आणि दांग-शेन नावाची आणखी एक मुळी त्या यादीत 2023 मध्ये आल्या.

ताकद येते, रक्त वाढते, फुप्फुसांना ओलावा मिळतो हे सर्व दावे परंपरेच्या परिभाषेतले आहेत. वाटीभर सुपाने आजार बरा होतो असे धरून चालू असलेले औषध कोणीही बंद करू नये. मला स्वतःला हे सूप आवडते ते प्रथम चवीसाठी, आणि दमलेल्या माणसाला गरम, हलके, प्रथिनयुक्त काहीतरी मिळते म्हणून.

पदार्थांची उष्ण-थंड विभागणी मराठी वाचकाला नवी नाही. चिनी पद्धतीत थंड, शीतल, सम, कोमट आणि उष्ण असे पाच गुण मानतात. मूग दोन्हीकडे थंडच. परंतु दोन शास्त्रे सरसकट एकमेकांवर बसवू नयेत. बोकडाचे मांस चरकसंहितेत फार थंड नाही आणि फार जडही नाही असे वर्णिलेले आहे, तर चिनी वैद्यकात ते चांगलेच उष्ण धरतात आणि हिवाळ्यासाठी राखून ठेवतात. सर्दी-ताप अंगात असताना पौष्टिक सूप घेऊ नये, असाही तिकडे दंडक आहे. त्यासाठी त्यांची म्हण आहे, की चोर घरात असताना दाराला कडी घालू नये.

दुकानात काय पाहावे

हाँगकाँगच्या शंग-वान भागातील को-शिंग रस्ता वनौषधींच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये आणि वस्त्यांमधल्या बाजारांतही अशी दुकाने आहेत. जुन्या दुकानात भिंतभर लाकडी खण असतात, विक्रेता लहान तराजूवर जिन्नस तोलतो आणि कागदावर एकेक ढीग मांडत जातो. तेथे वजन ‘लिआंग’मध्ये सांगतात आणि नवशिका नेमका येथे फसतो: हाँगकाँग-सिंगापूरचा लिआंग सुमारे 37.8 ग्रॅमचा आहे, तर चीनच्या मुख्य भूमीवर बाजारातला लिआंग 50 ग्रॅमचा. ग्रॅममध्येच मागावे, ही सवय बरी.

हुआंग-ची ही एका शेंगवर्गीय झाडाची मुळी आहे. तिच्या लांबट, तिरप्या कापांचा गाभा पिवळसर आणि कड फिकट असते. काप चावला तर आधी कच्च्या शेंगेसारखा वास येतो आणि मागून गोडवा उतरतो. दांग-शेनच्या मुळ्या बोटभर लांब, सुरकुतलेल्या आणि किंचित लवचिक असाव्यात. जिनसेंगच्या जागी घरोघर हीच वापरतात, कारण ती सौम्य आहे आणि स्वस्तही. दांग-ग्वेईसाठी गान्सू प्रांतातील मिन-श्येनचे नाव आहे. तिच्या पातळ चकत्यांवर तपकिरी तेलकट ठिपके दिसतात आणि पुडी उघडताच ओवा व सेलरी एकत्र कुटल्यासारखा वास येतो. तो योगायोग नाही, कारण ओवा, शेपू, बडीशेप आणि दांग-ग्वेई एकाच कुळातील आहेत.

गोऊ-ची, म्हणजे बाजारात गोजी बेरी म्हणून मिळणारी लाल फळे, निंगश्या प्रदेशातील जोंगनिंगची नावाजलेली आहेत. सगळे दाणे एकसारखे भडक लाल असतील तर थोडे ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून पाहावेत; लाल रंग उतरला तर ते परत करावेत. लाल बोरे आपल्या बोराच्याच जातकुळीतली आहेत, मात्र झाड वेगळे आणि फळ वाळल्यावर खारकेसारखे मऊ-गोड. शान-याओ हा कोनफळाच्या जातीचा कंद असून तो पांढऱ्या, पिठूळ कापांच्या रूपात वाळवलेला मिळतो. हे काप खडूसारखे शुभ्र दिसत असतील आणि नाकाशी धरल्यावर आंबूस झोंबत असतील, तर ते गंधकाच्या धुरीने टिकवलेले असण्याची शक्यता आहे. पांढरेशुभ्रपण ही वनौषधींच्या बाबतीत शिफारस नव्हे.

घरी आणल्यावर प्रत्येक जिन्नस वेगळ्या हवाबंद बरणीत, नाव आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे न केल्यास गोऊ-ची काळी पडून चिकटते आणि दांग-ग्वेईला बुरशी धरते. बुरशी आलेले काही धुऊन, वाळवून वापरू नये, टाकून द्यावे.

कोणी जपावे आणि काय आणूच नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, घेणाऱ्यांनी दांग-ग्वेई टाळावी, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. गोऊ-चीच्या बाबतीतही अशा नोंदी आहेत. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ही सुपे आधीच थांबवावीत आणि डॉक्टरांना तसे सांगावे. गर्भवतींनी दांग-ग्वेई घेऊ नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी हुआंग-ची घेण्यापूर्वी विचारावे. तसेच मूत्रपिंडाचे रुग्ण आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांनी तर कोणतेही वनौषधींचे सूप परस्पर सुरू करू नये. मधुमेह्यांनी बोरे आणि खडीसाखर मोजावी. संधिवाताचा जो प्रकार युरिक ॲसिडमुळे होतो, त्यात तासन्तास उकळलेला मांसरस त्रास वाढवतो, कारण मांसातील प्युरीन पाण्यात उतरते. ज्येष्ठमध चिनी मिश्रणांत वारंवार येतो. उच्च रक्तदाब असेल तर तो वगळावा.

तयार मिश्रणाच्या पुड्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आत काय आहे ते नजरेने ओळखता आले नाही, तर ते पातेल्यात जाऊ नये. 1990 च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात ‘फांग-ची’ नावाच्या दोन वेगळ्या वनस्पतींची अदलाबदल झाली. त्यांतली एक आपल्या ईश्वरमुळाच्या जातीची, ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली होती, आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. नावातले साम्य एवढे महाग पडू शकते. बचनागाच्या जातीच्या मुळ्या, ज्या युन्नान प्रांतात काही जण हिवाळ्यात दीर्घकाळ शिजवून खातात, त्यांच्या विषबाधेच्या घटना तेथे पुन्हा पुन्हा घडतात. घरच्या स्वयंपाकघरात त्यांना थारा देऊ नये.

भांडे आणि आच

मातीचे, आतून काच चढवलेले जाड भांडे उत्तम. ते नसेल तर जाड बुडाचे स्टीलचे पातेले पुरेसे आहे. लोखंडाची कढई वापरू नये, कारण वनस्पतींतील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून सूप काळे आणि तुरट करते. ॲल्युमिनियमही नको. मातीचे नवे भांडे आधी पाण्यात भिजवून त्यात तांदळाची पेज शिजवतात, म्हणजे पेजेतले पिष्ट बारीक छिद्रांत बसते आणि भांडे पाझरत नाही.

दुसरी पद्धत ‘दुन’, म्हणजे पाण्याच्या वाफेवर झाकणबंद शिजवणे. झाकणाच्या लहान भांड्यात मांस, वनस्पती आणि उकळते पाणी घालून ते भांडे मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवतात. आपल्याकडे मोदकपात्र आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा यांनी हे काम चोख होते. बाहेरचे पाणी आटत आले की त्यात उकळतेच पाणी ओतावे. नावात चिनी असली तरी लोणच्याची चिनी मातीची बरणी यासाठी वापरू नये, ती तडकते. दुनमध्ये सूप ढवळले जात नसल्याने ते नितळ राहते आणि वास बाहेर जात नाही. दांग-ग्वेईसारख्या सुगंधी मुळीला म्हणूनच ही पद्धत मानवते.

आचेची चिनी नावे मोठी सुरेख आहेत. प्रखर आच ती ‘वू’, म्हणजे लढवय्याची. मंद आच ती ‘वेन’, म्हणजे विद्वानाची. उकळी येईपर्यंत पहिली आणि पुढचा सगळा वेळ दुसरी. कॅन्टनी लोक ‘साध्या पातेल्यात तीन तास, दुनला चार’ असे म्हणतात. घरच्या कोंबडीला मात्र इतका वेळ लागत नाही, आणि फार उकळल्याने पौष्टिकपणा वाढतो हा समज धरून बसू नये.

काळ्या कोंबडीचे सूप

एकच सूप शिकायचे असेल तर हे शिकावे. चिनी घरांत यासाठी पांढऱ्या रेशमी पिसांची पण काळ्या कातडीची आणि काळ्या हाडांची कोंबडी घेतात. ज्यांगशी प्रांतातील थायहची त्यासाठी प्रसिद्ध आहे. भारतात तिची जागा कडकनाथ सहज घेते. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता महाराष्ट्रातही तो पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. तोही मिळाला नाही तर गावरान कोंबडी घ्यावी. ब्रॉयलर फार लवकर विरघळते आणि सुपाला अंगच येत नाही.

चार माणसांसाठी 800 ग्रॅम ते 1 किलोची कोंबडी, हुआंग-ची 15 ग्रॅम, दांग-शेन 15 ग्रॅम, वाळलेले शान-याओ 20 ग्रॅम, लाल बोरे 6, गोऊ-ची 10 ग्रॅम, आल्याच्या पाच चकत्या आणि सव्वादोन लिटर पाणी असे प्रमाण ठेवावे. दांग-ग्वेई घालायचीच असेल तर 3 ग्रॅमची एक चकती. येथे हात सैल सोडू नये. ली दोंगयुआन यांचे पाचास एक हे प्रमाण येथे आपोआपच पाळले जाते.

शान-याओ तासभर आधी पाण्यात टाकावे. हुआंग-ची आणि दांग-शेन धुऊन वीस मिनिटे भिजवावेत आणि ते पाणी स्वच्छ असेल तर सुपातच वापरावे. बोरे धुऊन, उभी चिरून त्यांतील बिया काढाव्यात. बी उष्ण असते असे कॅन्टनी लोक मानतात, आणि तसे मानले नाही तरी खाताना ती दाताखाली येतेच. गोऊ-ची नुसती एकदा धुऊन वेगळ्या वाटीत ठेवावी. ती आरंभापासून उकळली की आंबट होते. माझ्या पहिल्या सुपाचा आंबटपणा तिचाच होता.

कोंबडीची शेपटी आणि पोटाजवळची चरबी काढून मोठे तुकडे करावेत. तुकडे थंड पाण्यात, आल्याच्या दोन चकत्यांसह चुलीवर चढवावेत; पाणी हळूहळू तापत गेले म्हणजे हाडांतले रक्त आणि मळी वर येते. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटांनी हे पाणी फेकून द्यावे आणि तुकडे कोमट पाण्याने धुवावेत, विशेषतः पाठीच्या कण्याच्या पोकळीत अडकलेले रक्ताचे गोळे बोटाने काढून टाकावेत. आपल्याकडे मांसाचे पहिले पाणी फेकणे हे पाप वाटते. परंतु ज्या सुपात आले-लसणाचे वाटण नाही आणि मसालाही नाही, त्यात उग्र वास लपायला जागा नसते.

आता भांड्यात कोंबडी, आल्याच्या उरलेल्या तीन चकत्या आणि गोऊ-ची सोडून सर्व वनस्पती घालून मोजलेले पाणी एकदाच ओतावे. हुआंग-ची खाताना निवडायची नसेल तर तिची मलमलच्या कापडात सैल पुरचुंडी बांधावी. मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणून दहा मिनिटे झाकण न ठेवता फेस काढत राहावे. नंतर आच इतकी कमी करावी, की वरचे पाणी नुसते थरथरेल आणि कडेला एखादाच बुडबुडा फुटेल. झाकण किंचित तिरके ठेवून गावरान कोंबडीला दोन तास आणि कडकनाथला अडीच ते तीन तास द्यावेत. मध्ये थंड पाणी कधीही घालू नये. गरजच पडली तर उकळते घालावे. रटरट उकळले की चरबी पाण्यात फुटून सूप गढूळ होते, म्हणून या काळात चुलीजवळ राहून दोन-तीनदा आच पाहावी.

शेवटच्या दहा मिनिटांत गोऊ-ची आणि शेवटच्या पाच मिनिटांत मीठ घालावे. मीठ आधी घातल्यास पाणी आटत जाते तसतसा खारटपणा वाढतो आणि हात लावायला काही उरत नाही. दीड लिटरच्या आसपास सूप उरायला हवे. दहा मिनिटे झाकून ठेवले की चरबी वर येते. ती पळीने उचलावी, पण सगळी नाही, कारण गोऊ-चीचा केशरी रंग ज्या द्रव्यांचा असतो ती चरबीतच विरघळतात.

प्रेशर कुकरमध्येही हे होते: पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर 25 मिनिटे, वाफ आपोआप उतरू द्यावी, मग उघडून गोऊ-ची आणि मीठ घालून पाच मिनिटे. सूप नितळ होते, वास मात्र थोडा अडकलेला राहतो. नोकरीच्या दिवशी मी हेच करते आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेत नाही.

वाढताना शान-याओ, बोरे आणि गोऊ-ची खायची असतात. हुआंग-चीच्या धाग्यांतला गोडवा चोखून ती टाकायची असते. कोंबडी निःसत्त्व झाली म्हणून कोणी टाकत नाही. ती वेगळ्या बशीत काढून हलक्या सोया सॉसबरोबर भातावर घेतात.

दांग-ग्वेई, आले आणि मटण

इ. स. 200 च्या सुमारास होऊन गेलेले वैद्य जांग जोंगजिंग यांचे हे सूप आजही हिवाळ्यात केले जाते. मूळ प्रमाण दांग-ग्वेई तीन लिआंग, आले पाच लिआंग आणि मटण एक जिन, म्हणजे त्या काळचे सोळा लिआंग, असे आहे आणि आठ माप पाणी तीन माप उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. थंडीने पोटात येणाऱ्या कळांवर आणि बाळंतिणीच्या पोटदुखीवर ते दिले जाई. बाळंतशेपा चावणाऱ्या आपल्या बाळंतिणींना त्याच कुळातली मुळी तिकडे मटणात मिळत होती. मात्र प्रसूतीनंतर रक्तस्राव चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सूप देऊ नये.

मूळ प्रमाण औषधाचे आहे, जेवणाचे नव्हे. घरी हाडांसह 500 ग्रॅम मटणाला दांग-ग्वेई 8 ते 10 ग्रॅम आणि आले 35 ग्रॅम पुरते. आले दांग-ग्वेईहून जास्त असावे, हा मूळ कृतीचा तोल मात्र मोडू नये. मटणाचा उग्रपणा आणि मुळीचा कडवटपणा दोन्ही तेच सांभाळते. आले जाड कापून, ठेचून कोरड्या तव्यावर कडा तपकिरी होईपर्यंत भाजावे. मटण वर सांगितल्याप्रमाणे उकळून धुवावे आणि पावणेदोन लिटर पाण्यात आल्यासह मंद आचेवर दीड तास शिजवावे. दांग-ग्वेई मी शेवटच्या पाऊण तासात घालते आणि मग झाकण घट्ट लावते, कारण तिचे सुगंधी तेल उडून जाते. शेवटी मीठ आणि आवडत असल्यास चिमूटभर पांढरी मिरपूड. गरम मसाल्याचा मोह टाळावा. एक लवंगसुद्धा या वासाला गाडून टाकते.

मांसाशिवाय

तैवानमध्ये ‘चार देवांचे सूप’ म्हणून जो पदार्थ मिळतो तो डुकराच्या आतड्यांसह शिजवतात, पण त्याची पेज पूर्ण शाकाहारी होते. शान-याओ 20 ग्रॅम, कमळाच्या बिया 30 ग्रॅम, छिएन-शी 20 ग्रॅम आणि फू-लिंग 10 ग्रॅम हे ते चार देव. छिएन-शी म्हणजे आपला मखाना, फक्त न फुलवलेला. बिहारचा फुललेला मखाना घातला तर तो पेजेत विरून जातो, म्हणून तो अगदी शेवटी घालावा. फू-लिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी असून तिचे पांढरे तुकडे मिळतात. छिएन-शी चार तास आणि कमळाच्या बिया दोन तास भिजवाव्यात. बिया दुभंगून आतला हिरवा कोंब काढलाच पाहिजे, कारण दोन-चार कोंब राहिले तरी सगळी पेज कडू होते. हे सर्व 80 ग्रॅम तांदळासह दीड लिटर पाण्यात तासभर मंद शिजवून मीठ घालावे.

शरद ऋतूत हवा कोरडी झाली की कॅन्टनी घरांत ‘रुपेरी कान’ नावाच्या खाण्याच्या बुरशीचे गोड सूप होते. तिला यिन-अर म्हणतात. 20 ग्रॅमचा एक सुका, फिकट पिवळा गुच्छ चार जणांना पुरतो. तो थंड पाण्यात दीड तास भिजवला की फुलून मोठा वाडगा भरतो. यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर भांडे फ्रिजमध्येच ठेवावे. भिजवलेली बुरशी उष्ण हवेत दिवसभर बाहेर राहिल्यास तिच्यात शिजवूनही न जाणारे विष तयार होऊ शकते, आणि त्याने माणसे दगावल्याच्या घटना चीनमध्ये घडल्या आहेत. बुळबुळीत झालेली किंवा वास बदललेली बुरशी सरळ फेकावी.

गुच्छाचा तळाचा पिवळा, कडक भाग कापून बाकीचे बोटाच्या पेराएवढे फाडावे. जितके बारीक फाडावे तितका चीक लवकर सुटतो. दीड लिटर पाण्यात ते आणि भिजवलेल्या, कोंब काढलेल्या 30 ग्रॅम कमळाच्या बिया उकळून मंद आचेवर तासभर ठेवावे, मग सहा बोरे घालून आणखी अर्धा तास. पहिला तासभर काहीच घडत नाही आणि पाणी पाण्यासारखेच राहते. येथे धीर सोडून आच वाढवू नये. त्यानंतर डाव उचलून पाहत राहावे. त्यावरून ओघळणारा शेवटचा थेंब तुटायला वेळ लावू लागला, की 40 ग्रॅम खडीसाखर आणि मूठभर गोऊ-ची घालून पाच मिनिटांत गॅस बंद करावा. गरम चांगले लागतेच, पण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी काढले तर ते खिरीहून दाट झालेले असते.